बाबांचा भुरका

बुकारामांगा, मंगळवार, ६ मार्च

ती. नुबियाताईस,

कृ. सा. न. वि. वि. तुझ्या गावचा फोन अजून बंद, म्हणून हे पत्र बसवाल्या मिसाएलच्या हाती देतोय. पायाचं प्लास्टर उतरेपर्यंत घाटातून येऊ नकोस, आईही तेच म्हणते. बाबांना शनिवारी नीट निरोप दिला. रविवारपासून बैठकीत नऊ संध्याकाळच्या प्रार्थना चालू आहेत. वेदीवर त्यांचा फोटो, मेणबत्त्या, आणि आत्म्याला तहान लागली तर म्हणून पाण्याचा पेला.

अडचण माझ्या माशांच्या टाकीची. ती वेदीला लागूनच आहे. चारशे लिटर, हलवणं शक्य नाही. वरचं जादा पाणी कोपऱ्यातल्या उभ्या नळीतून खालच्या टाकीत उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. नळीत पाण्याबरोबर हवाही ओढली जाते आणि भुर्र असा आवाज येतो. एरवी गडबडीत कळत नाही. पण प्रार्थना सांगणारी कुस्तोदिया मावशी मृतांची एकेक नावं घेते आणि प्रत्येक नावाला जमलेल्या बायका क्षणभर गप्प होतात, नेमका तेव्हाच येतो. अगदी बाबा कॉफीचा भुरका मारायचे तसा. पहिल्याच दिवशी मावशीने छातीवर क्रूस काढला आणि जाहीर केलं की अन्सेल्मो पाणी पितोय. मी नळीचं शास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, बाळा, तू कॉलेजात गेला नाहीस, निदान देवाच्या कामात तरी डोकं घालू नकोस. पेल्यातलं पाणी दोन बोटं उतरलंय म्हणे. पंख्याखाली ठेवलंय, उतरणारच.

काल चौदा बायका होत्या, आज एकतीस. भुरके मोजतात आणि त्या आकड्याचं लॉटरीचं तिकीट घेतात. आई संतापलीय. म्हणते, चाळीस वर्षं या माणसाला सांगितलं भुरकू नकोस, आता मेल्यावर परक्या बायकांपुढे तेच. सोमवारी शेवटची प्रार्थना. तोवर आवाज थांबला नाही तर टाकी माशांसकट त्या कोपऱ्यावरच्या दंतवैद्याला देणार, असं तिने बजावलंय. अकरा वर्षांची टाकी, ताई. काच न् काच मी स्वतः चिकटवलेली.

लोभ आहेच, पण सध्या तो जपून वापरावा लागतोय.

तुझा एवेलिओ

मालागा, गुरुवार, ८ मार्च

चि. एवेलिओस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्रात बाबांना एक ओळ आणि नळीला अर्धं पान. तू बदलणार नाहीस. प्लंबर बोलाव, त्याने तुझी विद्या कमी होणार नाही. आणि मला हव्या त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही: आई रडली का? ती मनात ठेवून बसली की आजारी पडते, हे तुला मी सांगायला नको.

इथे पाय वर करून बसून वैतागलेय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

नुबिया

बुकारामांगा, शुक्रवार, ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. प्लंबरला नळ कळतो, मासे कळत नाहीत. मी बुधवारी नळीला झडप बसवली आणि आवळली. आवाज गेला. पण नळी एकच, त्यामुळे पाणी वरून वाहिलं आणि गुडघे टेकलेल्या सात बायका भिजल्या. मावशी म्हणाली, अन्सेल्मो रडतोय. जिने रडायचं ती रडतेय का ते बघा, असं मी म्हणणार होतो, पण आधी झडप पुन्हा सैल करायला धावलो, आणि भुरकाही परतला. आईने फरशी पुसली. नाही, ती रडलेली नाही. दफनाच्या दिवशीही नाही.

आता काम रीतसर चाललंय. शेजारी दुसरी नळी, थोडी उंच. झडप इतकीच आवळायची की पहिली नळी पाण्याने गच्च भरून राहील, हवेला शिरायला जागाच नाही. उरलेलं चमचाभर पाणी दुसरीच्या कडेने निमूट उतरेल. नळीचं तळाचं टोक खालच्या टाकीतल्या पाण्यात एक इंच, जास्त नाही. लोकांना वाटतं ही घाईने करायची गोष्ट आहे.

तुझ्या टोमण्यांसह तुझी माया पोचली.

एवेलिओ

मालागा, रविवार, ११ मार्च

चि. एवेलिओस,

आशीर्वाद. गुरुवारी सात भुरके झाले असं मिसाएलने इथे सांगितलं आणि आमच्या शाळेतल्या चार शिक्षिकांनी तिकिटं घेतली. तेव्हा शहाणपण फक्त तुझ्याकडेच उरलंय.

उद्या बाबांच्या आत्म्याला जायला दार उघडाल तेव्हा माझ्या वाटचा एक पाय उंबऱ्यापाशी ठेव. माझा प्लास्टरमध्ये आहे.

नुबिया

बुकारामांगा, मंगळवार, १३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी टाकी गप्प झाली. काचेला कान लावला तरी फक्त पंपाची गुणगुण. मी आईला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, बरं, आणि भाजी चिरायला गेली.

काल बेचाळीस बायका आल्या. मावशी प्रत्येक नावापाशी थांबे, माना टाकीकडे वळत, आणि काही नाही. शेजारीण माझ्याकडे असं बघत होती जणू मी बाबांना दुसऱ्यांदा मारलं. मग रिवाजाप्रमाणे दिवे घालवले, वेदी उचलली, आत्म्याला जायला दार उघडलं. तुझ्या वाटचा म्हणून मी डावा पाय उंबऱ्यावर ठेवला. मावशी पेला ओतायला निघाली, तर आईने तो हातातून काढून घेतला. म्हणाली, आज प्यायला नाही तो, तसाच कसा जाईल?

मी हळूच सांगितलं की नळीत आता हवा जात नाही. ती म्हणाली, नळीच आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मी काय कुस्तोदिया आहे? उघड ती.

मी अंधारात चाचपडत झडपेला पाव वळण दिलं. पाणी खाली सरकायला वेळ लागतो. दहा-बारा सेकंद काहीच नाही. मग एकच, लांब, ओळखीचा. बेचाळीस बायकांपैकी एकीनेही मोजला नाही. आई म्हणाली, सावकाश पी रे, अन्सेल्मो, कुणी हिसकावून घेत नाहीये. आणि खाली बसून रडली. दार बराच वेळ उघडंच राहिलं.

टाकी कुठेही जात नाही. आज चार वाजता, बाबांच्या कॉफीच्या वेळेला, आईने खुर्ची टाकीजवळ ओढली आणि स्वतःच झडपेला हात घातला. पाव वळणाच्या जागी तिने सरळ अर्धं दिलं. म्हणून मी तिच्याच नखांच्या लाल रंगाने झडपेवर दोन खुणा केल्यात, एक गप्पची, एक बाबांची. पिऊन झालं की परत पहिल्या खुणेवर आणायची, असं तिला सहा वेळा सांगितलंय. ती ऐकत नाही. मीही आता उठून बंद करत नाही.

पाय बरा झाला की ये. चार वाजता. लोभ आहे, आणि आता तो जपून वापरायचं कारण उरलेलं नाही.

तुझा एवेलिओ