धुरांड्याच्या तोंडचं पाणी

४ मार्च, सकाळी ७
आजपासून नियमित रोजनिशी. इतिहासाला पुरावा लागतो. बोट सुटली. पाण्याचे नमुने घेणारा माझा सॅम्पलर डेकवर घट्ट बांधलाय: टायटॅनियमची नळी, आत पाणी ओढून घेणारा स्प्रिंगवरचा दट्ट्या. अडीच हजार मीटर खाली समुद्रतळावर धुरांडी आहेत, साडेतीनशे अंशांचं काळं पाणी ओकणारी. ते पाणी भेसळ न होता वर आणायचं. तीन वर्षं खपलोय. उलटीची गोळी घेतली नाही. सगळा मनाचा खेळ असतो.

सकाळी ९
गोळी घेतली.

६ मार्च
मोहिमेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, हवामान बिघडतंय, रोबो दोनदाच खाली जाईल. पहिला मान माझा. केमिस्टबाईंना मात्र नमुन्याच्या जुन्या बाटल्याही तयार ठेवायला सांगितल्या. वीस वर्षांपूर्वीच्या! ठेवोत बापड्या. म्युझियमला लागतील.

७ मार्च
केमिस्टबाई छापील यादी घेऊन आल्या. खाली सोडण्याआधी एकेक कलम वाचून टिक करायचं म्हणे. मी सांगितलं, सॅम्पलर माझ्या डोक्यातून निघालाय, यादीही तिथेच आहे. त्या यादी ठेवून गेल्या. चहाच्या कपाखाली बरी आहे.
बायकोला मेल केला, उद्या इतिहास घडणार. तिने कळवलं, स्वेटर घाल.

८ मार्च, सकाळी ११
नळीचं तोंड धुरांड्यात. थर्मामीटर ३४२. रोबो चालवणाऱ्याने कळ दाबली. म्हणाला, दट्ट्या हललेला दिसत नाही. मी म्हटलं, कॅमेऱ्यात सगळंच दिसत नसतं.

दुपारी ३
सॅम्पलर वर आला. टाळ्या. (सुरुवात मी केली.) बायकोला, ऑफिसला, सासऱ्यांना मेल: यशस्वी. सासऱ्यांना दोनदा.

दुपारी ४.३०
नळीतून जेमतेम चमचाभर पाणी निघालं. केमिस्टबाईंनी तपासलं. गंधक नाही, लोखंड नाही, मीठसुद्धा नाही. नळीतली हवा घालवायला मीच भरलेलं डिस्टिल्ड वॉटर.
"पिता येईल," त्या म्हणाल्या.
दट्ट्या अडवून धरणारी सेफ्टी पिन जागच्या जागी होती, लाल फितीसकट. यादीत पहिलंच कलम आहे: पिन काढा. फीत आणखी लाल हवी होती.

९ मार्च
मॅडमकडे आणखी एक संधी मागितली. त्या म्हणाल्या, "मला पाणी हवंय. संधी नकोय."
जुन्या बाटल्या खाली गेल्या. सहाच्या सहा भरून आल्या. काळं पाणी, कुजक्या अंड्यांचा वास. केमिस्टबाईंनी एक बाटली माझ्या हातात दिली. बराच वेळ धरून उभा होतो. तीन वर्षांत पहिल्यांदाच हे पाणी पाहिलं.

१० मार्च
सासऱ्यांनी माझा मेल झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय. अभिनंदनाचे सतरा मेल. बायकोने विचारलंय, काय काय सापडलं?
"पाणी आलं," असं लिहिलं. कोणाच्या बाटलीत, ते लिहिलं नाही. मग खोडलं. लिहिलं, "पिन काढायची राहिली." पाठवलं.
तिचं लगेच उत्तर आलं. एकच ओळ.
"बाबांना तू सांग."