संशयाचा दोर

ता. ११ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बातमी आनंदाची आहे. दादाच्या तोंडून तिखटमीठ लावून कळण्याआधी ती तुला माझ्याकडून कळावी, म्हणून घाईने लिहिते. मला एका हेरपटात काम मिळालं आहे. पडद्यावर नाही, त्यामुळे तुझा जीव भांड्यात पडायला हरकत नाही. कड्यावरच्या सगळ्या प्रसंगांसाठी मी दोरप्रमुख आहे. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली दोर वाहिले. आता कोणी, कुठे आणि कशावर लटकायचं, ते मी ठरवणार.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची आहे. एक हेर बाई शत्रूच्या छावणीतून नकाशा पळवते. रस्ते बंद होतात, म्हणून ती उभा कडा चढून पलीकडे जायला निघते, आणि माथ्यावर पोचते तर तिचाच सहकारी फितूर निघतो. नायिकेचं काम करणारी बाई बराचसा कडा स्वतः चढणार आहे. मी रोज सकाळी दोराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोळे मिटून, उघडा हात फिरवते. ते पाहून तिने विचारलं की याच्याशी लग्न ठरलंय की काय. मी म्हटलं की डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळतं, आणि लग्नात हे बघायची सोय नसते.

तू या धंद्याला पहिल्यापासून नको म्हणत आलीस, हे ठाऊक आहे. तरी आशीर्वाद पाठव.

दादा-वहिनी ठीक. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
खारूताई


ता. १९ जानेवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. प्रमुखपद मिळाल्याचा आनंद झाला, तो प्रथम नोंदवते, म्हणजे पुढचे वाचताना तू तोंड फुगवणार नाहीस.

कथेबद्दल दोन शंका आहेत. रस्ते बंद होणार, हे नकाशा चोरणाऱ्या बाईला आधी कळू नये, हे तिच्या व्यवसायाला शोभत नाही. दुसरे असे की, तो फितूर तिच्या आधीच माथ्यावर उभा आहे. अर्थात तेथे जाण्यास सोपी वाट आहे. ती वाट हिला का सापडली नाही? चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्यावर अशी कथा पचवायला जड जाते. दिग्दर्शकास विचारून कळव.

तुझ्या व्यवसायाविषयीचा माझा आक्षेप कायम आहे. ज्या कामात चूक एकदाच करता येते, त्या कामात अनुभवाने शहाणे होण्याची सोय नसते. याचे उत्तर तू मला अद्याप दिलेले नाहीस. उत्तर नसेल तर निदान सावधगिरी असू दे.

माझे गुडघे सोडून सर्व कुशल. इकडची आठवण ठेवणे.

आशीर्वादपूर्वक,
आत्या


ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र डोंगरावरून नाही, खाली गावातल्या एका खोलीतून लिहिते आहे. मला कामावरून काढलं आहे. काय झालं ते नीट क्रमाने सांगते, नाहीतर तू पत्रावर लाल रेघा मारशील.

आमच्याकडे दोन प्रकारचे दोर होते. एक नुसता दिसण्यापुरता, आणि दुसरा भाराचा, साठ मीटरचा, कोरा; त्यावर माणूस लटकणार. काळ जुना, म्हणून दिसण्यापुरता दोर विटका हवा होता. तो विटवायचं काम रंगकाम बघणाऱ्या गृहस्थांकडे होतं. सगळे त्यांना रंगारीबुवा म्हणतात. अत्यंत मन लावून काम करणारा माणूस. मोठ्या चढाईच्या दिवशी सकाळी मी भाराच्या दोरावर हात फिरवला, तर मध्येच दोर ताठ आणि कोरडा लागला. नाकाशी नेला तर धुलाईच्या दुकानासारखा वास. रंगारीबुवांना विचारलं, तर ते कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले की दोन्ही दोर शेजारी शेजारी वेगळे दिसले असते, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी दोन्ही ब्लीचमध्ये बुडवून, धुऊन, वाळवून ठेवले. अशा दोराचा धागा ब्लीचने आतून मरतो आणि बाहेरून साजरा दिसतो.

दुसरा भाराचा दोर दोन दिवसांच्या वाटेवर होता, आणि आठवडाभरात आभाळ पहिल्यांदाच मोकळं झालं होतं. दिग्दर्शक म्हणाले की धुतलाय ना, मग कशाला बाऊ करतेस. आमच्यात रीत अशी आहे की संशय आलेला दोर त्याच तासाला कापायचा. अखंड राहिला तर तो फिरून कुणाच्या तरी कमरेला लागतोच. मी सुरी काढली आणि सर्वांसमोर त्याचे बारा तुकडे केले.

त्यानंतर साहसदृश्यं बसवणारे उस्ताद पुढे आले. त्यांनी एका तुकड्याला ऐंशी किलोचं वाळूचं पोतं बांधलं आणि वरून सोडलं. तीन वेळा. आत्या, तुकडा तुटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक म्हणाले की पोरीने माझा एकुलता एक मोकळा दिवस कापला.

निर्मात्यांच्या कचेरीतून निरोप आला आहे: माझी भीती निराधार होती आणि काम विनाकारण थांबवलं, असं लिहून दिलं तर परत घेतील. चार दिवसांची मुदत आहे. पहिलंच प्रमुखपद आहे, आणि असं काढून टाकलेलीला पुढे कोण बोलावणार? तुझी भाषा चांगली आहे. मसुदा तूच करून दे. मला दोन ओळी लिहिल्यावर रडू येतं.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
खारूताई


ता. २६ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

मसुदा करून देणार नाही. कारणे देते.

दोर तुटेल, असे तू म्हणाली नव्हतीस. दोर तुटणार नाही याची खात्री देता येत नाही, असे तू म्हणालीस. ही दोन विधाने निराळी आहेत. वाळूच्या पोत्याने पहिल्याला उत्तर दिले. दुसऱ्याला ते स्पर्शही करत नाही. एक तुकडा तीन वेळा टिकला, यावरून उरलेले अकरा तुकडे चौथ्या वेळी टिकतील असे माझ्या वर्गात कोणी म्हटले असते, तर मी त्यास बाकावर उभे केले असते. तुझी भीती निराधार असल्याचे सिद्ध झालेले नाही. जे सिद्ध झाले नाही त्याखाली आपल्या घरातील कोणी सही करत नाही.

आता तुझी चूक. भाराचा दोर रंगारीबुवांच्या हाती पडलाच कसा? म्हणजे दोरांची पेटी उघडी होती. दोरप्रमुख तू होतीस. ती चूक तुझी, आणि संपूर्णपणे तुझी. तिची माफी माग, एका वाक्यात. दुसऱ्या वाक्यात लिही की असा दोर पुन्हा हाती आल्यास पुन्हा कापेन. तिसरे वाक्य लिहू नकोस. तिसऱ्या वाक्यात माणूस गयावया करू लागतो.

पद गेले तर गेले. माझ्याकडे येऊन राहा. टाळ्या वाजत असता तू जागची हलली नाहीस, हे दादाने कळवले. त्याला ते त्याच्या ओळखीच्या उस्तादांकडून कळले. मी ते वाक्य दोनदा वाचले. याहून अधिक लिहिणे माझ्या स्वभावात नाही.

निश्चयी राहा. इकडचे आशीर्वाद सदैव आहेत.

आत्या


ता. २३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दोनच वाक्यं पाठवली. तिसरं तीन वेळा लिहून खोडलं.

मला नंतर कळलं, कचेरीत निर्मात्यांनी ते पत्र हशा पिकवायला मोठ्याने वाचून दाखवलं. हशा पिकलाही. मग उस्ताद म्हणाले की पोत्याला बायकामुलं नसतात, तेव्हा उरलेल्या अकरांतला कुठलाही तुकडा दिग्दर्शकांनी स्वतः निवडावा आणि त्याच उंचीवरून लटकून दाखवावं. दिग्दर्शक म्हणाले की त्यांची पाठ धरली आहे. उस्तादांनी निर्मात्यांकडे पाहिलं. निर्मात्यांना तेवढ्यात फोन करायचा आठवला. नायिका इतकं हसली की तिला पाणी द्यावं लागलं, आणि मग गंभीर होऊन म्हणाली की कड्यावर मी लटकणार आहे, तुमच्यापैकी कोणी नाही. दोरवाली येईपर्यंत मी खाली चहा पिते.

तिसऱ्या दिवशी मला न्यायला गाडी आली.

आता पेटीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. रंगारीबुवा माझ्यासमोर डोळे पुसत उभे राहिले. हल्ली दगड रंगवायचा तरी मला विचारून जातात. मोकळा दिवस पुन्हा मिळायला अकरा दिवस लागले. मग नायिका चढली, शेवटचे चाळीस मीटर एकटी, नव्या दोरावर. नऊ वेळा तेच चढली. तिचा पाय दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा दोराने तिला हातभरही खाली जाऊ दिलं नाही. नवव्यांदा दिग्दर्शकांनी ठीक म्हणायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मग ते ठीक म्हणाले.

माझे हात सोलले आहेत, म्हणून अक्षर असं. रागावू नकोस.

तुझीच,
खारूताई


ता. ६ डिसेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

काल शेजारीणबाईंसोबत चित्रपट पाहिला. माझ्या दोन्ही शंका अनुत्तरित आहेत. फितूर माथ्यावर कसा पोचला, हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. टोपी मात्र त्याची घामाने भिजलेलीही नाही. हेर बाई नकाशा अंगरख्याच्या ज्या खिशात ठेवते, तो चढताना उघडाच असतो. संवाद सुमार. तरीही मी अखेरची नामावली संपेपर्यंत बसून राहिले. दिवे लागले, झाडूवाला आला, शेजारीणबाई चला म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की त्या यादीतील दोरप्रमुख आमची आहे. झाडूवाल्यालाही सांगितले. त्याने विचारले नव्हते.

आज वर्तमानपत्रात परीक्षण आले आहे. समीक्षक लिहितात की कड्याचा प्रसंग देखणा असला तरी फिका पडतो, कारण त्या बाईच्या जिवाला काही होईल अशी भीती प्रेक्षकास क्षणभरही वाटत नाही. त्यांनी हे दोष म्हणून लिहिले आहे. मी कात्रण कापून दर्शनी भिंतीवर लावले आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते उभे राहून वाचायला लावते.

सुट्टी मिळताच ये.

तुझी,
आत्या