हरीण दिसल्यास पेटी बोलेल

३ मार्च
चाचण्या संपल्या. पेटीने सुंदरीला प्रत्येक वेळी ओळखलं. एकही चूक नाही.

पुढे कधी मागे वळून पाहताना संदर्भ लागतो, म्हणून लिहून ठेवते. पेटी म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेमागे बसवायचा कॅमेरा. रस्त्यात हरीण आलं की ती ‘हरीण!’ असं ओरडते आणि चालवणारा ब्रेक मारतो. तिच्यातलं सॉफ्टवेअर माझं. सुंदरी म्हणजे ऑफिसमागच्या चाचणीच्या रस्त्यावरचं फोमचं हरीण. ते एका ट्रॉलीवर उभं असतं, मोटर दोर ओढते आणि ते रस्ता ओलांडतं. सुंदरी हे नाव वर्कशॉपवाल्यांचं. मी ‘लक्ष्य’ म्हणते. माझं कुणी ऐकत नाही.

३० तारखेला मॅडम स्वतः डोंगरातल्या रस्त्यावर पेटीची परीक्षा घेणार. तिकडे हरणं पुष्कळ. पेटी पास झाली तर प्रकल्पाची प्रमुख मी. नापास झाली तर शेजारचा, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा. तो मॉनिटरला स्टिकर चिकटवतो आणि काम करताना गुणगुणतो. दोघांपैकी जो उरेल तो वायपर विभागात जाईल. वायपर विभागात गेलेलं माणूस परत आल्याचं ऐकिवात नाही.

मॅडमनी जाता जाता विचारलं, तू स्वतः हरीण पाहिलंयस ना गं? मी म्हणाले, हजारो. हे खरं आहे. सगळी फोटोत.

५ मार्च
निश्चय : शनिवारी डोंगरात जाऊन एक खरं हरीण पाहून यायचं. तांत्रिक गरज काहीच नाही. केवळ औपचारिकता. एकटीने जायचं. घरी बोलायचं नाही.

६ मार्च
घरी बोलावं लागलं. गाडी आईची आहे आणि तंबू ढब्बूचा (धाकटा भाऊ, आता अजिबात ढब्बू राहिलेला नाही, पण नाव सुटत नाही). ढब्बू हसून हसून खुर्चीवरून घसरला. म्हणाला, ताई, तू शेजाऱ्यांच्या मांजरालासुद्धा वळसा घालून जातेस. मी त्याला समजावलं की मांजराचा वेग आणि दिशा दोन्ही अनिश्चित असतात, त्यामुळे अंतर राखणं हा शहाणपणा आहे. आई म्हणाली, शहाणपण उतू चाललंय, दोघंही येतो आम्ही.

८ मार्च, सकाळ
कॅम्पिंग यशस्वी. हरीण पाहिलं.

तपशील : उजाडलं तेव्हा मी तंबूत स्लीपिंग बॅगमध्ये होते. तंबूची चेन ढब्बूने उघडी ठेवलेली. हरणाने डोकं आत घातलं आणि माझ्या उशाशी ठेवलेली सफरचंदांची पिशवी तपासली. मी निरीक्षणासाठी पूर्ण स्थिर राहिले. ढब्बूचं म्हणणं, मी किंचाळले आणि स्लीपिंग बॅगसकट अळीसारखी सरपटत तंबूच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडायचा प्रयत्न केला. त्याचं निरीक्षण झोपेतलं आहे.

आई बाहेर स्टोव्ह पेटवत होती. हरणाला म्हणाली, चल, हो तिकडे, आणि ते खरंच तिकडे झालं.

आईच्या गाडीत मी बसवून आणलेली पेटी चालू होती आणि हरीण तिच्या अगदी समोरून आलं होतं. ती गप्प होती. कारण उघड आहे : ती रस्त्यासाठी बनवली आहे, कॅम्पसाठी नाही.

११ मार्च
शेजारच्याने चहाच्या वेळी विचारलं, कसं होतं हरीण? मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नव्हतं. ढब्बू आणि तो एकाच मैदानावर फुटबॉल खेळतात, हे आज कळलं. मी म्हणाले, अपेक्षेप्रमाणे होतं. तो म्हणाला, आत घुसलं म्हणे. मी म्हणाले, काही प्रमाणात.

तो रविवारी डोंगरात पायी जाणार आहे. त्याला वाटा माहीत आहेत. मी त्याला बरोबर यायची परवानगी दिली, कारण पेटीची बॅटरी जड आहे.

१५ मार्च
पायवाट अरुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मी पुढे, पेटी माझ्या छातीवर पट्ट्यांनी बांधलेली. वळणावर नर. शिंगं भरपूर. तो आमच्याकडे तोंड करून उभा.

शेजारचा हळूच म्हणाला, मागे सरकू या. मी त्याला सांगितलं की माणूस दिसल्यावर हरीण पळतं, असं सगळ्या अभ्यासांत लिहिलं आहे. आम्ही थांबलो. हरणाने ते अभ्यास वाचलेले नव्हते. ते चरत चरत दोन पावलं पुढे आलं.

मग आम्ही आलो त्या वाटेने परत गेलो. हा माझा निर्णय होता. शेजारच्याचं म्हणणं, निर्णय सांगायला मी मागे वळले तेव्हा त्याच्या पाठीमागे होते आणि त्याचं जाकीट घट्ट धरलं होतं. दरी जवळ असताना एकमेकांना धरणं हा सुरक्षिततेचा नियम आहे.

पेटी गप्प. छातीवर हलत असणार.

१६ मार्च
शेजारचा आज माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. गुणगुणत नव्हता. त्याने विचारलं, सुंदरी नेहमी डावीकडून उजवीकडेच जाते ना? मी म्हणाले, अर्थात, मोटर दोर एकाच बाजूला ओढते, परत तिला वर्कशॉपवाले हाताने ढकलून आणतात आणि तेव्हा आपण पेटी बंद ठेवतो. तो म्हणाला, मग पेटीला वाटत असेल, डावीकडून उजवीकडे जाईल तेच हरीण. समोर तोंड केलेलं हरीण तिने जन्मात पाहिलेलं नाही.

मी म्हणाले, हे फारच सोपं स्पष्टीकरण आहे.

तो म्हणाला, मॅडमना सांगून परीक्षा महिनाभर पुढे ढकलू या, मी तुझ्याबरोबर डोंगरात बसतो, सगळ्या बाजूंनी हरणं टिपून पेटीला पुन्हा शिकवू. आवाज मऊ होता. वायपर विभागाच्या वाटेवर माणसाला नेहमी मऊ आवाजातच सोडत असावेत. मी आभार मानले आणि हेडफोन लावले.

१९ मार्च
दुरुस्ती केली. पेटी जास्त संवेदनशील केली. आता ती काहीही सोडत नाही. ऑफिस ते घर या वाटेवर तिने पुढील गोष्टींना हरीण म्हटलं : टपालपेटी, वॉचमनची खुर्ची, वॉचमन, वाळत घातलेली गादी. हिला मी सावधपणा म्हणते.

रात्री जेवताना आई म्हणाली, वाण्याच्या दुकानापर्यंत गेले तर ती बया चौदा वेळा बोंबलली, मी या गाडीत बसणार नाही. संवेदनशीलता पूर्ववत केली. फक्त आवाज मोठा ठेवला.

२२ मार्च
मावशीकडून परतताना मुद्दाम जंगलातला रस्ता घेतला. संध्याकाळ. मी चालवत होते, आई शेजारी.

हरीण उजवीकडून आलं.

आईने हँडब्रेक ओढला. गाडी आडवी होऊन थांबली. हरीण बॉनेटला घासून पलीकडे गेलं, त्याला काही झालं नाही. आम्हालाही नाही. पेटी गप्प. आईने हात लांब करून चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

आई म्हणाली, अगं, तू त्या पेटीकडे बघत होतीस. मी म्हणाले, ती बोलतेय का ते बघत होते. आई म्हणाली, आणि रस्त्याकडे कुणी बघायचं? मी म्हणाले, पेटीने.

उरलेला रस्ता आईने गाडी चालवली. मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. अर्थात, थकवा होता.

निष्कर्ष : मानवी मदतीने हरीण शोधण्यात यश.

२३ मार्च
मॅडमच्या केबिनपर्यंत गेले. परीक्षा पुढे ढकला, एवढंच बोलायचं होतं. मॅडम फोनवर होत्या. त्यांनी हातानेच विचारलं, काय? मी स्टेपलर मागितला आणि परत आले.

माझ्याकडे स्वतःचा स्टेपलर आहे. आता दोन आहेत.

२९ मार्च
उद्या परीक्षा. मन शांत. शेजारच्याने विचारलं, अजून वेळ आहे, मी बोलू का मॅडमशी? मी म्हणाले, कशाबद्दल? तो म्हणाला, बरं. माझा हिशेब सोपा आहे : निम्मी हरणं तरी डावीकडून येत असणार.

३० मार्च
मी चालवत होते. मॅडम माझ्या शेजारी, तपकिरी लांब कोटात. शेजारचा मागे.

घाटाच्या वरच्या वळणानंतर रस्त्याच्या मधोमध हरीण. उभं. तोंड आमच्याकडे. मी गाडी थांबवली. पेटी गप्प.

मॅडम म्हणाल्या, हरीण आहे. मी म्हणाले, पेटी तसं म्हणत नाहीये. मॅडम म्हणाल्या, अगं, पण मला दिसतंय. मी म्हणाले, दिसणं आणि ओळख पटणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मॅडमनी विचारलं, मग समोर उभं आहे ते काय आहे? मी म्हणाले, इतक्यात निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

निष्कर्षाने कान हलवले.

मागे शेजारच्याला खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

मॅडम खाली उतरल्या. हरीण उडी मारून उजवीकडच्या झाडीत शिरलं. ते कुठे गेलं हे बघायला मॅडम गाडीच्या पुढून निघाल्या. कोट वाऱ्यावर. डावीकडून उजवीकडे.

पेटी ओरडली. हरीण! हरीण! हरीण! आवाज मीच मोठा ठेवला होता. दरीतून परत ऐकू आला. पेटीच्या पडद्यावर मॅडमभोवती लाल चौकट आणि खाली पेटीच्या खात्रीचा आकडा.

मॅडम परत येऊन बसल्या. पट्टा लावला. आकडा वाचला. म्हणाल्या, सत्त्याण्णव टक्के? मी म्हणाले, उरलेले तीन टक्के तुमच्या बाजूने आहेत.

खाली सपाटीला आल्यावर मॅडमनी विचारलं, हे तुला आधी माहीत होतं? मी खरं ते सांगितलं : होय. हे लिहितानाही जीभ कोरडी पडते आहे. घाटातली हवा कोरडी असते.

३१ मार्च
प्रकल्पाचा प्रमुख शेजारचा. वायपर विभागात मला पाठवायचं ठरलं होतं. त्याने नको म्हटलं. मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. त्याला म्हणाले, उपकार नकोत. तो म्हणाला, उपकार कसले, तुझ्याइतकं ते सॉफ्टवेअर कुणाला कळतं? मी स्टेपलर मॅडमना परत केला.

६ एप्रिल
पेटीला पुन्हा शिकवणं सुरू. ट्रॉली फक्त एकाच बाजूला जाते आणि नवी यायला वेळ लागणार. म्हणून सुंदरीचा फोम आतून कोरून हलका केला आहे, आणि तो अंगावर चढवून कुणीतरी उजवीकडून डावीकडे जायचं, मध्येच थांबायचं, गाडीकडे तोंड करून उभं राहायचं. हरणांचा प्रत्यक्ष अनुभव संघात सर्वांत जास्त मला आहे. पदाचं नाव अजून ठरलेलं नाही.

शेजारचा गाडीतून सूचना देत होता. अजून एकदा. मान वर. बावरून बघ. वर्कशॉपवाले काम सोडून भिंतीवर बसले होते. एकाने मोबाइलवर शूटिंग केलं. ढब्बूकडे ते आमच्या चहाच्या आधी पोचलं.

दिवसभर गेले-आले. पेटीने मला एकदाही ओळखलं नाही.

यात निराश होण्यासारखं काही नाही. खऱ्या हरणांच्या बाबतीतही तिचं असंच होतं. म्हणजे माझी चाल हुबेहूब असली पाहिजे.