मामंजींचा जलतरंग

६ मार्च

नवऱ्याचा फोन. दुसरीसाठी घर सोडून गेल्यापासून पहिलाच! ना कशी आहेस, ना काही. "आम्ही दोघं तिकडे राहायला येतोय. तू तुझं बघ."

घर त्याच्या वडिलांचं. मी नुसती सून — तीही आता नावापुरती.

मामंजी जलतरंगाचे वाडगे पुसत होते. त्यांना सांगितलं. "हं," म्हणाले. बस्स!

७ मार्च

दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवले. माझ्याच डोळ्यांपुढे धुकं.

१० मार्च

मामंजींचा हात हल्ली फार थरथरतो. पाणी वाडग्यात कमी, चटईवर जास्त. शेवटी न विचारताच तांब्या घेतला त्यांच्या हातातून. रागावतील वाटलं — नाही रागावले.

चिनी मातीचे वाडगे, अर्धगोलात. डावीकडे थोरला, उजवीकडे अगदी इवलासा. मी ओतायचं, त्यांनी काडीनं टिचकी मारायची.

"जास्त झालं. सूर उतरला." चमच्यानं काढलं. "अजून." थेंबभर. "अजून किंचित." आणि एकदम — बोलला की वाडगा!

खिडकीतलं ऊन पाण्यावर पडून छतभर हलत होतं. एखाद्या तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटलं. वर कुठंतरी जग असेल. असू दे.

१४ मार्च

आज काड्या माझ्या हातात दिल्या! मी आपली ठाण्‌कन — "अगं, वाडगा आहे तो, खिळा नव्हे!"

काडीचं टोक पाण्याला हलकेच टेकवलं की सूर वाकतो. लाटेसारखा. पुनःपुन्हा तेच करत राहिले. हसू फुटलं. हा माझा आवाज? ओळखूच आला नाही.

१५ मार्च

दुकानात मालकांचा पाण्याचा पेला पेननं वाजवून पाहिला. "तब्येत बरी आहे ना?" म्हणाले!

१९ मार्च

बॅग भरली. मैत्रीण म्हणाली, ये माझ्याकडे. मामंजींना सांगितलं, उद्या-परवा निघते.

मान वर केली नाही त्यांनी. "उकाड्यानं पाणी उडतं. सूर चढतो. रोज बघावं लागतं," म्हणाले.

मुलगा तो मुलगाच शेवटी. पण निदान "जाऊ नकोस" तरी? तोंडदेखलं?

दुपारभर वाजवत बसले. रडले की नाही, आठवत नाही. सगळं पाणीच पाणी होतं.

२१ मार्च

तो आला. तीही — सामानासकट. मी वाजवत होते, काड्या ठेवून उठले. मामंजींनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. भिंत धरत स्वतः गेले. दार वीतभर उघडलं.

"हळू बोल," म्हणाले. "आत माझी मुलगी वाजवतेय."

आणि कडी लावली.