ओसरीवरचे कप

गारखेडा,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय मंजुषा,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला भांडू देत नाहीस. ‘शैले, जेवलीस का’, ‘शैले, गुडघा काय म्हणतोय’ असं करत करत मूळ विषयावरून मला इतकी लांब नेतेस, की फोन ठेवल्यावर लक्षात येतं, बोलायचं ते राहूनच गेलं. कागदाला मध्ये बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे, आणि तू हे शेवटपर्यंत वाचणार आहेस.

काल मी क्रांती चौकाच्या पलीकडच्या त्या नव्या संग्रहालयात जाऊन आले. तिथं चिनी मातीच्या दालनाचं काम बघणारी सायली म्हणून मुलगी आहे, तिचा फोन आला होता. म्हणाली, मंजुषाताईंनी दिलेल्या टी-सेटच्या पाटीवर तुमचं नाव आहे, तुमची संमती लागेल, एकदा येऊन मजकूर बघून जा. कुठला टी-सेट, असं मीच तिला विचारलं. म्हणजे बघ, आमच्या घरातली वस्तू तू संग्रहालयाला देऊन टाकलीस हे मला एका परक्या मुलीकडून कळलं. ती वस्तू घेऊन गंगापूरहून तू इथपर्यंत आलीस, इथली कामं उरकलीस आणि परत गेलीस. माझं घर वाटेत पडत नाही असं आता सांगू नकोस.

दालन देखणं झालंय, त्यात नाव ठेवायला जागा नाही. शोधली मी, सापडली नाही. एका भिंतीवर नुसत्या जुन्या फरश्या आहेत, काही निळ्या-पांढऱ्या, काही कुठल्याशा हवेलीतून काढलेल्या जपानी, त्यावर उठावाचे मोर आणि कमळं. मधल्या कपाटात हिरवट रंगाच्या जाड थाळ्या. त्यात विषारी अन्न वाढलं की थाळी तडकते अशी म्हणे नवाबांच्या काळात समजूत होती. मी सायलीला म्हटलं, बरं झालं आमच्याकडे नव्हत्या, माझ्या सासूबाईंच्या नुसत्या बोलण्यानं तडकल्या असत्या. बिचारी हसावं की लिहून घ्यावं अशा पेचात पडली.

आणि शेवटच्या कपाटात आमचा सेट. ‘आमचा’ म्हणते आहे, ऐकते आहेस ना? गुलाबांची वेल, तिच्याखाली निळा पट्टा आणि काठाला सोनेरी कड. खाली काळ्या मखमलीचं कापड अंथरलेलं आणि वरून दिवा सोडलेला. आयुष्यात इतक्या जवळून मी ते कप पाहिले नव्हते. आणि बाजूला कच्ची पाटी लावलेली : देणगी, श्रीमती मंजुषा, गंगापूर. त्याखाली तुझ्या तोंडचं वाक्य : ‘शाळा सुटल्यावर शैला आणि मी ओसरीच्या पायरीवर शेजारी बसून या कपांतून चहा पीत असू.’

मी तिथल्या तिथं सांगितलं, या वाक्याला माझी संमती नाही. सायलीचा चेहरा पडला. येत्या रविवारी उद्घाटन आहे, पाट्या छापायला जायच्या आहेत, आणि म्हणे सगळ्या दालनात तिला हीच पाटी सर्वांत जास्त आवडली होती. आवडेलच. दोन वेण्या घातलेल्या दोन मुली, गुलाबाचे कप आणि संध्याकाळचं ऊन. जन्मभर मुलींचे इंग्रजी निबंध तपासले आहेत मी. मला असल्या वाक्यांचा वास लांबून येतो.

आता तू म्हणशील, शैली जळली. व्हय, जळली. तुझ्याच भाषेत सांगते, लई जळली. आणि काही कालपासून नाही. कॉन्व्हेंटमध्ये तू पाचवीत आलीस. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, प्रार्थनेच्या वेळी नुसते ओठ हलवायचीस, आणि वर्षाच्या आत सिस्टर रोझालिनच्या हातून गणिताचं बक्षीस घेतलंस. तेव्हापासून मी तुझ्यावर जळते आहे. तुझे वडील, तात्यासाहेब, जीपमधून शाळेत यायचे, सोबत उसाच्या मोळ्या आणायचे आणि सिस्टर लोकांना सुद्धा ऊस सोलून द्यायचे. माझे वडील वकील असून सायकलवर. पण ते सगळं मी सहन केलं असतं. आमची आई तेवढी तू घ्यायला नको होतीस.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी तू आलीस की आई बदलून जायची. मला दिवसभर ‘पाय आपटू नकोस, तोंड चालवू नकोस’ आणि तू पायरीवर दिसलीस की ‘आलीस का गं मंजू, किती वाळलीस, मावशीकडे जेवतेस की नाही नीट?’ तू काकू काकू करत तिच्याशी बोलत बसायचीस. एकदा तुझ्या केसांत उवा झाल्या तर तिनं ओसरीवर बसून दुपारभर तुझं डोकं विंचरलं. माझ्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा मला दोन धपाटे मिळाले होते. आणि चहा. तुझ्यासाठी त्या काचेच्या कपाटातून गुलाबाचा कप निघायचा. मी आतल्या उंबऱ्यावर उभी, हातात पितळेचा पेला, धरवत नाही इतका चटका देणारा, आणि समोर तू राणीसारखी बशीत ओतून फुर्र करून पिणार. ‘काकू, चहा लई झाक झालाय.’ आई हसायची. माझ्या बोलण्यावर ती कधी तशी हसल्याचं मला आठवत नाही.

मी मागितला होता एकदा तसा कप. आई म्हणाली, ‘तो आपला नाही.’ मी म्हटलं, मग कोणाचा? म्हणाली, ‘बाहेरच्यांचा.’ तो सेट आजोबांनी छावणीतला कोणी इंग्रज साहेब सामान विकून परत गेला त्याच्याकडून घेतला होता. निजामाच्या वेळी त्यांच्याकडे तहसीलदार यायचे, नवाबांचे मुनशी यायचे, त्यांना चहा द्यायला. आजोबा स्वतः समोर बसून चांदीच्या फुलपात्रातून दूध प्यायचे. चिनी माती स्वैपाकघरात येत नसे. पितळ राखेनं घासलं की शुद्ध होतं, चिनी माती होत नाही, असा आमच्याकडचा नियम. पण मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. मला एवढंच कळलं, की हे कप नवाबांचे, साहेबांचे आणि मंजूचे. माझे नाहीत.

आणि सगळ्यात जास्त जळायचे ते कशावर, सांगू? तू तो कप धुवायचीस त्यावर. चहा संपला की अंगणातल्या नळावर जाऊन तू तो विसळायचीस, बशी विसळायचीस आणि कठड्यावर दोन्ही उपडी ठेवायचीस. मला त्या कपाटाची काच पुसायची सुद्धा परवानगी नव्हती. आणि तू आरामात, पाण्याखाली धरून, बोट फिरवून, गुलाब चोळून चोळून धुवायचीस. मी आतून बघायचे. मनात म्हणायचे, हिच्यावर एवढा विश्वास, आणि माझ्यावर नाही.

मग तुझं लग्न. मला न सांगता आईनं आख्खा सेट गवताच्या पेंढ्यात बांधला, मांडीवर खोकं घेऊन एसटीनं गंगापूरला आली आणि तुझ्या हातात दिला. मांडवात सगळे बघत होते. दोनच वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा मला स्टीलची भांडी मिळाली, त्यावर नाव घातलेली. मी तोंडावर विचारलं, तो सेट तिला का दिलास? आई म्हणाली, ‘तिनंच वापरला होता. आपल्याकडे कोण वापरणार?’ मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. अजूनही कोणाच्या रुखवतात चिनी मातीची भांडी दिसली की माझं डोकं तापतं. माझ्या सुनेनं परवा चीनहून आलेला डिनर सेट मागवला, तर मी म्हटलं, गॅसवर ठेवायला पातेलं नाही आणि नखरे बघा. ती हेडफोन लावून बसली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

हे सगळं मी काल सायलीला सांगत होते. तावातावानं. माझ्या आईचं प्रेम या बाईनं कपाटासकट पळवलं आणि वर पाटी लावली, असंच काहीतरी. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ताई, एक विचारू का? तिनं हातमोजे घातले, कपाट उघडलं आणि कप एकेक करून दिव्याखाली धरले. एकच कप आहे, मंजुषा, ज्याची सोनेरी कड झिजून गेली आहे. बाकीच्यांची काल घेतल्यासारखी. ती म्हणाली, दोघी पीत होतात तर दोन कप झिजले असते. बाकीचे फारसे धुतलेले सुद्धा दिसत नाहीत. हा एक कोणी एवढा घासून धुतला? तुमच्याकडे मोलकरीण होती का?

मी म्हटलं, मोलकरीण कशाला, मंजू स्वतः धुवायची.

त्या मुलीनं कप जागेवर ठेवला, हातमोजे काढले. पण माझंच वाक्य मला ऐकू आलं. पाहुण्याला कोणी कप धुवायला लावतं का गं? माझ्या घरी माझी विहीण येते, तिनं ताट उचलायला नुसता हात लावला तर मी ओरडते. नवाबाच्या मुनशांनी कप धुतले नसतील, त्यांचे कप आजोबांच्या वेळची कामवाली भामाबाई धुवायची, पण तू तर शाळेतली पोर. तुझा कप विटाळलेला, तो आमच्यापैकी कोणी शिवायचा नाही, म्हणून तुझा तूच. बाई, मी इंग्रजीत एम.ए. केलं. मुलींना कवितेतल्या ओळीत काय दडलंय ते शोधायला शिकवलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर रोज होणारी ही गोष्ट मला लाड वाटली. एवढी वर्षं वाटली.

तुला तेव्हाच कळलं होतं, नाही का? पाचवीतल्या मुलीला कळतं. म्हणून तू कधी उंबऱ्याच्या आत आली नाहीस. मी ओढायचे तेव्हा ‘इथंच बरंय, वारं येतंय’ म्हणायचीस. आणि तो सेट तू कधी वापरला नाहीस, गंगापूरला एवढ्या वेळा आले, मला स्टीलच्या कपात चहा दिलास, आणि मी परत येताना एसटीत जळत बसायचे, की बघा, मला साधा कप, चांगला लपवून ठेवला असेल. मंजुषा, आईनं तुझं डोकं विंचरलं त्या मायेत काही खोट नव्हती, ते मी बघितलंय. आणि डोकं विंचरून झाल्यावर तिनं आंघोळ केली, तेही मी बघितलंय. मला वाटलं, उवांमुळे.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तुझं ते वाक्य मी खोडलं आणि सायलीला दुसरं दिलं. त्यात लिहिलंय, की ही भांडी आमच्या घरी फक्त बाहेरच्यांसाठी होती, मंजुषा ओसरीवर बसून यातल्या एका कपातून चहा पीत असे आणि तो तिला स्वतः धुऊन ठेवावा लागे, घरातल्या कोणीही हे कप कधी तोंडाला लावले नाहीत. खाली माझं नाव आणि आईचं नाव, सुमती मधुसूदन, पूर्ण. सायली म्हणाली, ताई, आईंना लोक नावं ठेवतील. म्हटलं, ठेवू देत, मी मुलगी आहे, मी ऐकून घेईन. पण वस्तू तुझी देणगी, म्हणून तुझ्या सहीशिवाय हे छापता येत नाही, आणि तू काय म्हणशील ते मला पाठ आहे : ‘जाऊ दे शैले, काकू गेल्या, कशाला उगं.’ यावरच मी सगळ्यात जास्त जळते आहे. सोसलंस ते एकटीनं, आणि माफ केलंस तेही एकटीनं, त्यात मला कुठंच जागा ठेवली नाहीस, आणि वर माझ्या आईसाठी खोटं बोलून त्या पायरीवर मला तुझ्या शेजारी बसवलंस. मी तिथं बसले नव्हते. मला बसायचं होतं, रोज बसायचं होतं, पण मी आत उभी होते. सही कर.

तुझ्यावर जळणारी, तरीही तुझीच,
शैला