हवाली केलेली तुकडी

सोमवार, ४ मार्च

सकाळी लेकीच्या घरी सामान टाकले. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, कायद्याची पुस्तके आणि गुडघ्याला लावायचे मलम. दोन खोल्या, एक गॅलरी आणि गॅलरीत वाळणाऱ्या कपड्यांमागून दिसणारा रस्ता. एवढ्या जागेत तीन माणसे मावतील का, अशी शंका मी दारातच उपस्थित केली. लेक म्हणाली, शंका बाहेर काढून ठेवल्या तर सहज मावतील. जावईबापू मान वळवून हसले. या घरात बऱ्याच महिन्यांनी कोणी हसत होते.

हसण्याला कारण होते. मला आणि जावईबापूंना एकाच ठिकाणी नोकरी लागली आहे. आम्ही दोघे बाहेर पडलोही एकाच काटकसरीत. संरक्षणावरचा खर्च कमी करायचे ठरले तेव्हा मी ज्या लष्करी शाळेत कायदा आणि युक्तिवाद शिकवत होतो, रोजचे संचलन घेत होतो, ती बंद झाली, आणि जावईबापूंची पूल बांधणारी पलटण मोडली. याबाबतचे माझे म्हणणे नीट नोंदवून ठेवतो. खर्च कमी करण्याला माझा विरोध नाही. ज्या देशाला थोडे सैनिक पुरतात तो देश सुखी. माझा विरोध अर्धवट विचाराला आहे. तोफ कामातून गेली तरी तिला तेल लावून, आच्छादन घालून ठेवतात. माणसाला मात्र प्रशस्तिपत्र देऊन फाटकाबाहेर सोडतात आणि पुढचे त्याचे तो पाहील असे गृहीत धरतात. जावईबापूंनी पुराच्या पाण्यावर पूल टाकून अख्खे गाव पलीकडे नेले आहे. मुलाखतीत त्यांना जागोजागी एकच विचारले गेले: सलग किती वेळ उभे राहता येईल?

शेवटी उभे राहण्याचीच नोकरी मिळाली. कंपनी पहारेकरी पुरवते आणि फक्त माजी सैनिकांना घेते. तिची कचेरी एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात आहे. भिंती जाड, अंगण प्रशस्त, आणि भर उन्हातही फरशी पायाला गार लागते. मला संचलनप्रमुख नेमले आहे. संचालिकेला सगळे नुसते 'बाई' म्हणतात. बोलणे मृदू, टेबल स्वच्छ. मी त्यांना विचारले की कायद्याच्या मास्तराचे इथे काय काम. त्या म्हणाल्या की हुकूम देण्याची सवय असलेला आवाज बाजारात मिळत नाही.

बुधवार, ६ मार्च

आज तुकडी रुजू झाली. कोणी तोफखान्यातला, कोणी वायरलेसवरचा, एक स्वयंपाकी, एक बँडमध्ये तुतारी वाजवणारा. सगळे काटकसरीत गळालेले. तुतारीवाल्याला मी विचारले की आता काय वाजवणार. तो म्हणाला, घरी बायको वाजवते, मी ऐकतो.

बाईंनी विनंती केली की माणसे कामावर पाठवण्यापूर्वी मी एकदा रीतसर संचलन घ्यावे. मी अंगणाच्या मध्यभागी उभा राहिलो आणि म्हणालो, 'सावधान.' टाचा एका ठोक्यात जुळल्या, पत्र्यावरची कबुतरे उडाली. जावईबापू पहिल्या रांगेत होते, ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबून.

मग रिवाजाचा भाग. संचलन घेणारा वरिष्ठासमोर जाऊन तुकडी त्याच्या हवाली करतो. हवाली झाली की संचलन घेणारा मोकळा होतो आणि तुकडी वरिष्ठाची होते. तिला विश्राम द्यायचा तो त्यानेच. दुसऱ्या कोणाचा शब्द चालत नाही. समोर वरिष्ठ असा कोणी नव्हता, बाई होत्या. इतक्या वर्षांच्या सवयीने पाय तिकडे वळले. सलामी दिली आणि म्हणालो, 'तुकडी आपल्या हवाली.'

बाई म्हणाल्या, 'घेतली.'

प्रत्युत्तर अगदी रीतसर होते. ते त्यांना कोणी शिकवले कोण जाणे. विश्राम मात्र त्यांनी दिला नाही. गाड्या आल्या, माणसे तशीच ताठ मानेने चढली आणि आपापल्या जागी गेली. शिस्त अजून गंजलेली नाही, याचे मला समाधान वाटले.

शनिवार, ९ मार्च

जावईबापू अजून घरी आलेले नाहीत. बाई म्हणतात की सुरुवातीचा काळ पहारेकऱ्याने जागेवरच राहायचा असतो, सगळी सोय तिथे आहे. नेमणूकपत्रात असे कलम नाही, हे मी निदर्शनास आणून दिले. त्यांनी मान डोलावली, जणू मी हवापाण्याबद्दल काही बोललो.

लेक दोन्ही वेळा त्यांचे ताट वाढते आणि झाकून ठेवते. आज म्हणाली की सीमेवर पूल बांधायला गेले होते तेव्हाही निरोप यायचा, आता तर गाद्यांच्या दुकानात गेलेत. मी म्हणालो की सोमवारी स्वतः जाऊन पाहतो. ती म्हणाली, 'बाबा, पाहू नका. घेऊन या.'

सोमवार, ११ मार्च

दुकान मोठ्या रस्त्यावर आहे. काचेमागे गाद्यांचे थर आणि दाराशी जावईबापू, सावधान अवस्थेत. मी हाक मारली. उत्तर नाही.

दुकानदार हसतमुख गृहस्थ. त्याने कौतुकाला सुरुवात केली. पहारेकरी असावा तर असा: पाणी मागत नाही, खुर्ची मागत नाही, दुकानात एवढ्या गाद्या असून बूड म्हणून टेकले नाही. 'तुमचे जावई का? पोरगी चांगल्या घरी दिलीत हो,' असेही म्हणाला.

मी जवळ गेलो. पापण्यांच्या केसांवर रस्त्याची धूळ बसली होती. रुजू होण्याच्या दिवशी घाईत दाढी राहिली होती. खुंट आजही तेवढेच आहेत. सदऱ्याला काखेत घामाचा डाग नाही. एक माशी गालावरून चढली, उघड्या डोळ्यावरून चालत गेली आणि पापणी लवली नाही. मनगट गरम. नाडी चालू, पण फार लांबून यावी तशी.

मी हलक्या आवाजात म्हणालो, 'विश्राम.' मग मोठ्याने. मग मैदानावर म्हणतात तसे. गिऱ्हाइके वळून पाहू लागली. जावईबापूंचे काहीच हलले नाही. फक्त बुबुळे, अगदी सावकाश, माझ्याकडे वळली. डोळे भरून आले. चेहरा गिऱ्हाइकांकडेच राहिला.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. म्हणजे आज जे पाहिले ते भूत नव्हे, इतकेच सिद्ध होते. ते काय आहे, हे सिद्ध होत नाही.

परत येताना वायरलेसवाला औषधांच्या दुकानापाशी दिसला, तुतारीवाला दागिन्यांच्या. तसेच. माझीच तुकडी.

मंगळवार, १२ मार्च

बाईंनी काहीही नाकारले नाही. त्यांच्या मते ही माणसे घरी बसून कुजत होती, आता निदान उभी आहेत. त्यांना भूक नाही, आजार नाही, म्हातारपण नाही. पगार घरी पोचतो. सरकारने ज्यांना टाकले त्यांना त्यांनी ठेवून घेतले, यात गुन्हा कोणता?

मी म्हणालो की नोकरीत माणूस संध्याकाळी घरी जातो. जिथे जात नाही त्याला वेगळा शब्द आहे. विश्राम देण्याची मागणी मी तीनदा केली. तिसऱ्या वेळी त्या उठल्या, माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, 'संचलनप्रमुख, तुकडी तुम्ही दिलीत. मी फक्त घेतली.'

शुक्रवारी नवी भरती आहे. त्या दिवशी ग्राहकांना दाखवायला माझी तुकडी अंगणात आणणार आहेत. नव्यांना 'सावधान' मी म्हणायचे.

मी खुर्चीवर बसलो नाही.

बुधवार, १३ मार्च

लेक दुपारभर दुकानाच्या दारात त्यांचा हात धरून उभी होती. शेवटी दुकानदाराने गिऱ्हाईक बिचकते म्हणून तिला जायला सांगितले. परत येऊन तिने पेटीतली पुस्तके माझ्यापुढे ठेवली. 'आयुष्यभर लोकांचे मुद्दे खोडलेत ना? आता हा खोडा.'

मुद्दा असा. हवाली घेणाऱ्याला हुकमतीचा अधिकार हवा. बाईंना पद नाही, दर्जा नाही, त्यांनी एक दिवसही सेवा केलेली नाही. अधिकार नसलेल्याला केलेली हवाली मुळातच झालेली नसते. म्हणून तुकडी अजून माझी. दुकानाच्या दारात माझा शब्द चालला नाही, कारण तुकडीपासून तुटलेल्या माणसाला एकट्याने विश्राम मिळत नाही. तुकडी समोर उभी करून, आधी ती परत घेतली पाहिजे.

आता दुसरी बाजू. हवाली केली म्हणून मी मोकळा होतो. परत घेतली की संचलन घेणाऱ्याचे बंधनही परत येते: त्याचा वरिष्ठ त्याला रजा देईपर्यंत तोही सावधान. माझ्या वरिष्ठाचे पद काटकसरीत रद्द झाले. रजा देणारा कोणी उरलेला नाही.

याने निष्कर्ष बदलत नाही.

गुरुवार, १४ मार्च

जावईबापूंना जाऊन समजावले. ऐकताना बुबुळे डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. नको म्हणत होते. मी सांगितले की रांगेतल्या माणसाचे मत विचारण्याचा रिवाज नाही.

लेकीला दुसरी बाजू सांगितली नव्हती. तिने स्वतःच ताडली. जेवताना माझ्याकडे पाहिले नाही; वाढत मात्र राहिली, नको म्हटले तरी.

भीती वाटते. नोंद असावी म्हणून लिहिले. निर्णयाशी तिचा संबंध नाही.

शुक्रवार, १५ मार्च

झाले.

अंगणात तुकडी. मागे नवी माणसे, बाजूला ग्राहक. बाईंनी खूण केली. मी नव्यांकडे पाठ फिरवली. म्हणालो, अधिकाराशिवाय घेतलेली तुकडी मी परत घेत आहे. बाई हसल्या. मी म्हणालो, 'तुकडी, विश्राम.'

मग एकेकाचा गुडघा वाकला. स्वयंपाकी कोसळला, तुतारीवाला ओरडला — सगळी भूक, सगळी तहान एकदम परतली असावी. नवी माणसे फाटकाकडे पळाली. शहाणी माणसे. जावईबापू हातागुडघ्यांवर माझ्याकडे रांगत आले आणि माझे बूट धरून रडले.

त्यांना घरी चालवत आणले. चालवले मी, पण वाटेत माझ्या पोटऱ्या ताठ होत गेल्या — दारापर्यंत पोचलो. उंबऱ्याच्या आत टाचा जुळल्या. आपोआप.

शनिवार, १६ मार्च

खिडकीशी उभा आहे. लेक वही धरते, मी लिहितो. उजवा हात अजून माझा. डावा विजारीच्या शिवणीला चिकटला.

भूक नाही. बाई खरे बोलत होत्या.

जावईबापू आत जमिनीवर पाय पसरून घोरत आहेत. मी लेकीला म्हणालो, ऐक, हा माणूस आडवा आहे. ती हसली आणि रडली —

बाई आल्या आहेत. दारात. आवाज तसाच मृदू. लेकीला सांगताहेत की सैन्य असते नागरिकांसाठी. वरिष्ठ उरला नसेल तर नागरिकच वरिष्ठ. तू नागरिक आहेस. विश्राम म्हण, बाप मोकळा होईल.

युक्तिवाद चांगला आहे. मला सुचायला हवा होता.

लेकीने तोंड उघडले. 'वि—'

माझा गुडघा सैल झाला. त्याच क्षणी आत टाचा जुळल्याचा आवाज. घोरणे थांबले.

कळले. नागरिकाला अधिकार असेल तर बाईंनाही होता. मग हवाली खरी. तुकडी त्यांची. सगळेच पुन्हा —

लेकीचा हात दाबला. ती थांबली. आत घोरणे पुन्हा सुरू. बाई अजून हसताहेत, म्हणतात, पोरी, बापापेक्षा नवरा मोठा का —

बाईंचा मुद्दा अचूक आहे. मी तो मांडणार नाही. मांडू देणार नाही. नाकारण्याचा हक्क अजून —

बोटे ताठ होत —

लेक ओठ हलवते आहे. नको, पोरी. मला कोणी उभे केलेले नाही. मी उभा आहे. लिही, माझ्या हाताने नाही तर तुझ्या, मी माझ्या स्वतःच्या —