साठ जणांचं परीक्षण

मेहरूण, जळगाव
२४ सप्टेंबर १९८६

आदरणीय नाना यांस,
धाकट्या लीलाधरचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमच्या साप्ताहिकाचा अंक काल मिळाला. माझ्या ‘तापीकाठ’ या वाद्यवृंद-रचनेचं परीक्षण दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा जेवण गेलं नाही. साठ वादक, पाऊण तास, आणि तुम्ही लिहिता काय, तर ढोलांचा गोंगाट झाला नि व्हायोलिनचे नुसते गज हलताना दिसले! सख्खे भाऊ नसता तर धुळ्याला येऊन भांडलो असतो.

शाल-श्रीफळ देऊन आम्हीच तुम्हाला पुढच्या सोफ्यावर बसवलं, तिथून ढोल चार हातांवर. तुम्हीही मानाची जागा सोडली नाहीत. आपली अक्का मागे बाकावर होती. तिने व्हायोलिनची सगळी चाल गुणगुणून दाखवली आणि म्हणाली, माले ते बठ्ठं ऐकू उनं.

तुमचं वाचून धुळ्याच्या मंडळाचे भटूभाऊ तिथे ठरलेल्या कार्यक्रमाला कां-कू करताहेत. १९ ऑक्टोबर हुकला तर संपलंच. तुळशीचं लग्न लागलं की माझे क्लॅरिनेट-ट्रम्पेटवाले लग्नाच्या बँडमध्ये जातात, ते उन्हाळा सरेपर्यंत सापडत नाहीत. पावरी वाजवणारे वनाभाऊ तरी पिंपळनेरहून किती खेपा घालणार? ५ तारखेच्या तालमीला या आणि मागे बसा.

वहिनींना जयभीम. रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमचा
लीलाधर

धुळे
६ ऑक्टोबर १९८६

चि. लीलाधर यास,
पितांबरचे अनेक आशीर्वाद.

काल तालीम संपताच न बोलता एसटी गाठली, म्हणून फुगला असशील. व्हायोलिन ऐकू आली, बाबा. पावरीची चाल क्लॅरिनेटवाले उचलतात आणि शेवटी तीच साठही जण वाजवतात, हे मागच्या बाकावर कळलं. वीस वर्षं एक गायक, एक तबला, एक पेटी, एवढंच जोखत आलो. तुमचा एवढा पसारा त्याच मापाने मोजला, ही माझी चूक.

दुसरी त्याहून वाईट. भावाचं कौतुक केलं असं कुणी म्हणू नये म्हणून लिहिलेली दोन चांगली वाक्यं मी स्वतः खोडली. परक्याशी असा वागलो नसतो. त्याची लाज वाटते.

हे सगळं भटूभाऊंना आज सांगून आलो. कार्यक्रम नक्की झाला. पण तिसरा भाग लांबतो आणि फुंकणारे दमलेले ऐकू येतात. तो आवर, नाहीतर तसं छापीन. की या वेळी मी लिहूच नये? मोकळेपणी कळव.

अक्काला सांभाळ, आणि या म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

तुझा
नाना

मेहरूण, जळगाव
१० ऑक्टोबर १९८६

आदरणीय नाना यांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तिसऱ्या भागातले दोन फेरे काढले. वनाभाऊंचंही तेच म्हणणं होतं, म्हणून काढले. तुम्ही लगेच मिशा पिळू नका.

लिहू नये का, असं विचारलंत. नाना, एक गोष्ट मी लपवली होती. तुमचा अंक इथे माझ्याशिवाय कुणाकडे येत नाही. तो आला त्या संध्याकाळी सगळे वादक जमले होते, परीक्षण वाचून दाखव म्हणाले. त्यांचे चेहरे पाहून मला धीर झाला नाही. पान समोर धरलं आणि मनचंच वाचत गेलो, की नानांनी एकेकाला नावानिशी वाखाणलंय. पोरं खूष झाली. वनाभाऊंनी अंक मागून घेतला, ते पान शांतपणे पाहिलं आणि घडी घालून मला परत दिलं. त्यांना वाचता येतं, नाना. त्यानंतर एकही तालीम त्यांनी चुकवली नाही आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

तेव्हा तुम्ही लिहाच. दोष दिसला तर तोही लिहा. या वेळी मला वनाभाऊंच्या समोर कागदावर आहे तेच वाचायचं आहे.

तुमच्या लोभावरच उभा असलेला,
लीलाधर